बॅटरी उतरवून ठेवा

आमच्या घरात धड कापड म्हणून कधी टिकलं नाही. पप्पांचे शर्ट, आईच्या जुन्या साड्यांचे पंचे, माझी कॉलेजची ओढणी, सगळ्याला कुठे ना कुठे भोकं. पप्पा बॅटऱ्यांचं काम करायचे आणि दुकानातलं ऍसिड अंगावर घेऊन घरी यायचे. नव्या टॉवेलला त्यांनी हात पुसले की दोन धुण्यांत त्याची चाळणी. आई म्हणायची, या माणसाचा लग्नातला कोट तेवढा धड राहिलाय, कारण तो त्याच्या अंगात कधी बसलाच नाही. पप्पा यावर हसायचे आणि हातावरचं ऍसिड मारायला खायचा सोडा मागायचे. सोड्याची बरणी आमच्याकडे स्वयंपाकघरात नव्हती, मोरीत होती, साबणाच्या शेजारी. पाहुणे आले की त्यांना हे कळायचं नाही आणि सांगत बसायचा आम्हाला कंटाळा यायचा.

स्वतःबद्दल लिहायचं ते म्हातारपणी, असं म्हणतात. माझं वय अजून तेवढं नाही. पण दोन महिन्यांपूर्वी डॉक्टरांनी माझ्या कमरेचा एक्स-रे उजेडात धरला आणि म्हणाले, ताई, तुमचा मणका साठीचा झालाय. पंधरा वर्षं गाड्यांच्या पोटात वाकून काढली, त्याचं हे बक्षीस. सध्या सक्तीची विश्रांती चालू आहे, तेव्हा मणक्याच्या वयाने लिहिते. आणि लिहायचंच तर त्या एका आठवड्याबद्दल लिहायचं, हे आधीच ठरलेलं होतं. बाकीचं लहानपण सगळ्यांचं असतं तसंच होतं.

घर कांजूरमार्गला, पूर्वेला. दीड खोली आणि पोटमाळा. वारा खाडीकडून आला की डम्पिंग ग्राउंडच्या कचऱ्याचा वास घरात यायचा, आणि आला की चार-चार तास मुक्काम. आईने त्यावर उपाय शोधला होता. वास आला की ती तव्यावर सुकट टाकायची, वर लसूण आणि लाल तिखट. आमचं मूळ गाव जालन्याकडचं, तिथे सुकट आठवडी बाजारात मिळायची आणि जपून खायची. इथे ती मुबलक, त्यामुळे आई हात सोडून वापरायची. शेजारच्या काकू ओरडायच्या, एक वास कमी होता म्हणून दुसरा लावलास का गं. आई म्हणायची, हा वास पोटात जातो, तो नुसताच डोक्यात जातो. सकाळी ती महापालिकेच्या शाळेत शिपाई म्हणून जायची, दुपारी येऊन भाकरी टाकायची, आणि मग पप्पांचा डबा घेऊन मी दुकानात. भाकरी बाजरीची, कारण गव्हाने पप्पांचं पोट भरायचं नाही, निदान त्यांचं तसं म्हणणं होतं.

दुकान हायवेला लागून. पत्र्याची शेड, पुढे एक बाकडं, आत भिंतीला लावून बॅटऱ्यांची रांग. दुकानात कायम दोन आवाज असायचे. एक चार्जरची घूं-घूं आणि दुसरा बॅटऱ्यांच्या पोटातल्या बुडबुड्यांचा. पप्पा पेपर वाचत बसलेले असले तरी कान तिकडे. मध्येच उठून म्हणायचे, तिसरीचं पोट भरलं. मीटर लावून बघितलं तर खरंच भरलेलं असायचं. रिक्षावाले, टेम्पोवाले जयभीम करून बॅटरी टेकवायचे आणि चहाला जायचे. एखादी बॅटरी वर्षभर पडून खराब झाली असेल तर पप्पा लगेच भरायला लावत नसत. आधी तिला बल्ब जोडून ठेवायचे, बल्ब मंद होत होत विझेपर्यंत. त्याला ते उतरवणं म्हणायचे. पार उतरवल्याशिवाय नव्याने भरत नाही नीट, हे त्यांचं तत्त्व होतं आणि ते ते माणसांनाही लावायचे. माझा बारावीचा निकाल लागला तेव्हा मी दोन दिवस रडले, तर आईला म्हणाले, उतरू दे तिला.

मी मोठी होत गेले तसं दुकान रिकामं होत गेलं. आता बॅटऱ्या सीलबंद यायला लागल्या होत्या. पाणी घालायचं नाही, ऍसिड किती दाट ती ग्रॅव्हिटी बघायची नाही, बंद पडली की फेकायची आणि नवी आणायची. पप्पा एकच पेपर सकाळी वाचायचे आणि दुपारी पुन्हा वाचायचे. तक्रार करायचे नाहीत. पण संध्याकाळी घरी आल्यावर चपला काढताना भिंतीला हात टेकायला लागले होते, आणि काम नसताना माणूस कामापेक्षा जास्त दमतो हे मला तेव्हा पहिल्यांदा दिसलं.

मी आयटीआय केलं, मेकॅनिक मोटर व्हेईकल. वर्गात मी एकटी मुलगी. मग एका बड्या कंपनीच्या वर्कशॉपमध्ये कंत्राटावर लागले. तिथे हायब्रिड गाड्या यायच्या, पेट्रोलवर आणि बॅटरीवर दोन्हींवर चालणाऱ्या, तेव्हा नव्या नवलाईच्या. या गाड्यांत दोन बॅटऱ्या असतात. एक साधी, बारा व्होल्टची, दिवे आणि हॉर्नसाठी. दुसरी मागच्या सीटच्या पाठीमागे, पत्र्याच्या पेटीत, दोनशे व्होल्टची. वर्कशॉपात त्या मोठीला कुणी बॅटरी म्हणत नसे, तिला पॅक म्हणायचे. ती हाताळायचं रीतसर ट्रेनिंग आम्हाला मिळालं. सहा महिन्यांनी कंत्राट संपलं आणि मी घरी आले, एक जाड वही आणि ट्रेनिंगमधले रबरी हातमोजे घेऊन. हातमोजे परत करायचे राहिले होते. कुणी मागितलेही नाहीत.

घरी येऊन महिना झाला असेल. एक दिवस दुकानासमोर टोइंगच्या गाडीवरून एक पांढरी जपानी हायब्रिड उतरली. सोबत भास्करकाका, जुहूच्या एका बंगल्यावरचे ड्रायव्हर, मूळचे कुडाळकडचे, पप्पांचे जुने गिऱ्हाईक. बंगल्याचे मालक वर्षभर परदेशात, गाडी आच्छादनाखाली उभी. आता मालक येणार होते आणि गाडी हूं की चूं करत नव्हती. मोठी बॅटरी काढून दुरुस्तीला पाठवायची होती. काढणारा माणूस भास्करकाकांना मिळत नव्हता. पप्पांनी क्षणभरही विचार केला नाही. म्हणाले, माझी मुलगी करते हे. मी डबा घेऊन मागे उभी होते. त्यांनी माझ्याबद्दल दुसऱ्या माणसाला काही सांगितलेलं मी तोवर ऐकलं नव्हतं.

रात्री जेवताना मी वही उघडली आणि त्यांना शिकवायला बसले. आई म्हणाली, ताटावर शाळा नको. तरी मी शिकवलं. चावी गाडीपासून लांब ठेवायची. अंगावर धातू ठेवायचा नाही, घड्याळ, अंगठी, काही नाही. हातमोजे तपासायचे. आधी साधी बॅटरी सोडवायची. मग पॅकच्या बाजूचा, करंट तोडणारा सर्व्हिस प्लग ओढून काढायचा आणि स्वतःच्या खिशात ठेवायचा, म्हणजे दुसरं कुणी तो परत बसवणार नाही. मग दहा मिनिटं कशालाही हात लावायचा नाही, कारण पुढच्या इन्व्हर्टरमध्ये करंट साठून राहिलेला असतो. मग मीटरने शून्य आल्याची खात्री करायची आणि मगच मोठ्या करंटच्या भगव्या वायरींना हात. हे सगळं मी इंग्रजी वहीतून मराठीत करून सांगत होते आणि मला त्याचा फार अभिमान वाटत होता. पप्पा घास हातात धरून ऐकत होते. शेवटी मी म्हटलं, थोडक्यात काय, सगळा करंट आधी मारायचा, मग काम. ते म्हणाले, बरोबर आहे, आम्हीही तेच करतो. मला ते ऐकून जरा रागच आला. त्यांचं आणि माझं काम एकच कसं असेल?

सकाळी गाडीची चावी आईजवळ देऊन मी दुकानात आले. पप्पांच्या उजव्या मनगटात तांब्याचं कडं होतं, सांधेदुखीसाठी घातलेलं, बारा-पंधरा वर्षं न निघालेलं. ते साबण लावून काढायला लावलं. मनगटावर खाली गोरी पट्टी निघाली. पप्पा ती पट्टी भास्करकाकांना दाखवत म्हणाले, लग्नातला रंग बघून घ्या. मग मी हातमोजे तपासायला घेतले. मनगटाकडून गुंडाळत आणायचे, आत कोंडलेली हवा बोटांत जाते आणि बोटं फुगतात. मग गालाजवळ धरायचं. कुठे बारीक छिद्र असेल तर गालाला वारा लागतो. डाव्या हाताच्या करंगळीतून मला वारा लागला. पुन्हा केलं, पुन्हा लागला.

म्हणजे काम थांबलं. नवे हातमोजे घाटकोपरला विजेच्या सामानाच्या दुकानात मिळाले असते. मला स्वतःचा राग आला होता. आदल्या रात्री एवढं शिकवलं आणि मोजे तपासले नाहीत. समोरून रिक्षा येत होती, मी हात केला, आणि रिक्षात एक पाय टाकून मागे वळून म्हटलं,

"मी येईपर्यंत बॅटरी उतरवून ठेवा, पप्पा. आणि मागची सीट मोकळी करा."

"जा तू," पप्पा म्हणाले. "करतो."

साधी बॅटरी सोडवायला पाच मिनिटंसुद्धा लागत नाहीत. मी ती करून निघाले असते तर हे प्रकरण लिहायची वेळ आली नसती. पण त्यातली गंमत अशी, की ती बॅटरी पप्पांसाठी राखून ठेवण्यात माझा चांगला हेतू होता. त्यांनाही काहीतरी काम असावं, असं मला वाटलं होतं.

घाटकोपरला तिसऱ्या दुकानात हवे तसे मोजे मिळाले. दुकानदाराने विचारलं, साहेब कोण आहेत, लाईनमन? मी म्हटलं, मीच साहेब. तो हसला, मीही हसले. येताना विक्रोळीपाशी ट्राफिक लागला आणि रिक्षात बसून मी मोज्यांची नवी पिशवी मांडीवर घेऊन मनातल्या मनात पायऱ्या म्हणत राहिले. पप्पांना फोन करावा असं एकदाही मनात आलं नाही. काळजी करण्यासारखं माझ्या मते मागे काही ठेवलंच नव्हतं.

दुकानापाशी उतरले तर गाडीचं मागचं दार उघडं. सीट बाहेर काढून बाकड्यावर ठेवलेली. आणि गाडीच्या मागच्या भागात, भर दुपारी, एक बल्ब पेटलेला.

घरात लावतो तो साधा शंभरचा बल्ब. होल्डरला दोन लांब वायरी, वायरींना चिमटे. पॅकचं पत्र्याचं झाकण काढून बाजूला उभं केलेलं आणि आतल्या तांब्याच्या पट्ट्या सगळ्या उघड्या. पप्पा त्याच्या शेजारी उकिडवे बसलेले, हात गुडघ्यांवर, मान थोडी कलती, दुकानात बुडबुडे ऐकताना असायची तशी. हातात मोजे नाहीत. मला बघून त्यांच्या चेहऱ्यावर जे आलं ते मला अजून स्वच्छ आठवतं. शाळेतला मुलगा गृहपाठ पूर्ण करून बसलेला असतो, तसं काहीतरी.

"दोनशेची आहे म्हणालीस ना, म्हणून घरचा बल्ब लावला," ते म्हणाले. "बारा व्होल्टचा फुटला असता. पण लई जीव आहे हिच्यात अजून. उतरायला संध्याकाळ होईल."

मी काय बोलले ते मला माहीत नाही, पण माझा चेहरा बघून ते म्हणाले, "काय झालं? थांब, काढतो," आणि त्यांनी चिमट्याकडे हात नेला.

ट्रेनिंगमध्ये आम्हाला एक गोष्ट चार वेळा सांगितली होती. चालू लाईनवर कुणी काम करत असेल तर ओरडायचं नाही, धक्का द्यायचा नाही, दचकवायचं नाही. मी ओरडले. हात लावू नका, असं एवढ्या जोरात ओरडले की हायवेच्या कडेला उभी असलेली दोन माणसं वळून बघायला लागली. पप्पा दचकले. चिमटा त्यांच्या हातातून सुटला आणि आतल्या पट्ट्यांवर आडवा पडला.

फटाक्यासारखा आवाज झाला आणि सगळं पांढरं. मग तांबं जळल्याचा वास. पप्पा मागे सरकून जमिनीवर बसले होते, उजवा हात पुढे धरून, डोळे सताड उघडे. भास्करकाका म्हणाले, "दादा, माझ्याकडे बघा," आणि पप्पा भलतीकडेच बघत राहिले. मी त्यांच्यासमोर गुडघ्यांवर बसले. त्यांना मी दिसत नव्हते. किती वेळ ते सांगता येत नाही, एक मिनिट असेल, दोन असतील. मग त्यांनी पापण्या मिटल्या, उघडल्या, आणि मला म्हणाले, बल्ब गेला का गं?

दवाखाना दोन गल्ल्या सोडून होता. डॉक्टरांनी हात धुतला, मलम लावलं, तळवा आणि दोन बोटं पट्टीत गुंडाळली. म्हणाले, मनगटात कडंबिडं असतं तर गोष्ट वेगळी होती, तापून आत रुतलं असतं. डोळे ठीक आहेत, दोन दिवस उन्हात जाऊ नका. पप्पा सगळ्याला मान हलवत होते. बाहेर बाकावर औषधांसाठी थांबलो तेव्हा मी त्यांना म्हटलं, मी तुम्हाला सांगितलं होतं कशालाही हात लावू नका. का लावलात? माझा आवाज बराच चढला होता.

त्यांनी माझ्याकडे बघितलं. रागाने नाही, खरोखर न समजून. "तूच म्हणालीस ना, उतरवून ठेवा."

तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला. वर्कशॉपात बॅटरी म्हणजे छोटी. उतरवणं म्हणजे गाडीतून काढून खाली ठेवणं. पप्पांकडे बॅटरी म्हणजे जिच्यासाठी गाडी आली ती, आणि उतरवणं म्हणजे बल्ब लावून तिचा जीव काढून घेणं. वर मीच आदल्या रात्री सांगितलेलं, सगळा करंट आधी मारायचा. माझं एक वाक्य त्यांनी घेतलं, नीट विचार केला, बारा व्होल्टचा बल्ब चालणार नाही हे ओळखून घरचा बल्ब आणला, आणि मी सांगितलं तेच केलं. चाळीस वर्षांत त्या दुकानात त्यांनी कुणाचं ऐकलं नव्हतं. ज्या दिवशी ऐकलं त्या दिवशी माझं ऐकलं.

घरी गेल्यावर आईने पट्टीकडे बघितलं, चावी माझ्यासमोर ठेवली आणि भाकऱ्या टाकायला बसली. पप्पांना डाव्या हाताने जेवता येईना, तर तिने भाकरी कुस्करून दिली. त्या दिवशी वास नव्हता तरी तिने सुकट टाकली होती. मी म्हटलं, गाडी परत पाठवून देऊ. पप्पा म्हणाले, भास्करला शब्द दिलाय. तुझ्या नावाने दिलाय. मला इतका थकवा आला होता की भांडी न घासता मी पोटमाळ्यावर जाऊन पडले, आणि खाली आई एकटीच ती घासत असल्याचा आवाज ऐकत राहिले. उठावंसं वाटत होतं, उठवेना.

पप्पांना जाऊन चार वर्षं झाली. साधा न्यूमोनिया, पाच दिवसांत संपलं. त्या हाताचा तळवा शेवटपर्यंत गुळगुळीत राहिला, आणि दवाखान्यात सुईसाठी नस शोधणाऱ्या सिस्टरला त्यांनी त्याची गोष्ट सांगितली होती. त्यांच्या गोष्टीत मी ओरडलेलं नव्हतं. चिमटा आपोआप सुटला होता. मी पलंगाशी उभी होते आणि मी दुरुस्ती केली नाही.

हात भाजल्यावर दोन दिवसांनी आम्ही पुन्हा गाडीपाशी उभे राहिलो. मी आणि पप्पा, भास्करकाका बाहेर. पप्पांना मी येऊ नका म्हटलं होतं, तर ते म्हणाले, तुझ्या वहीत लिहिलंय, दुसरा माणूस लागतो. खरंच लिहिलेलं होतं. दुसऱ्या माणसाने चार पावलांवर कोरडी लाकडी काठी घेऊन उभं राहायचं. काम करणाऱ्याला करंटने धरलं तर त्याला हाताने ओढायचं नाही, काठीने सोडवायचं. पप्पांनी घरून आईची कपडे वाळत घालायची काठी आणली होती. पट्टीच्या हाताने धरता येईना म्हणून काखेत घेतली होती. मी त्यांना स्टूल दिलं. बसले. मला त्यांनी त्या सकाळी एकही गोष्ट सुचवली नाही. मी साधी बॅटरी सोडवली तेव्हा पाना उलटा धरला होता, ते त्यांना नक्की दिसलं असणार, पण गप्प राहिले. ते गप्प राहणं मला चार पावलांवरून जाणवत होतं. मला वाटत होतं त्यांनी बोलावं, ओरडावं, गाढव म्हणावं.

पुढचं सगळं वहीप्रमाणे झालं. जळलेल्या पट्टीवर आधी रबरी चादर टाकली, कारण प्लग काढला तरी पॅकच्या पोटातला करंट जात नाही, फक्त त्याचे दोन तुकडे होतात. वायरी सोडवल्या, एकेका टोकाला टेप गुंडाळली, आणि दुपारी भास्करकाका आणि मी तो पॅक उचलून लाकडी फळीवर ठेवला. माझ्या कमरेत पहिली कळ आली ती तेव्हा. नंतर असे मी किती काढले ते मोजले नाहीत, आणि ते काढणं म्हणजे नट-बोल्टचं काम, त्यात लिहिण्यासारखं काही नाही. लिहायचंय ते मधल्या दहा मिनिटांबद्दल.

प्लगची मूठ धरून मी ओढली, प्लग निघाला, तो मी खिशात घातला आणि मोजे काढले. मोबाईलवर वेळ बघितली. पप्पांच्या शेजारी जमिनीवर टेकले. दुकानात त्या दिवशी एकही बॅटरी चार्जिंगला नव्हती, त्यामुळे कसला आवाज नव्हता. बाहेर हायवे चालू होता तेवढाच. पप्पांना रिकामं बसायची सवय नव्हती. काम नसायचं तेव्हाही ते पेपर तरी धरायचे. आता काखेत काठी, मांडीवर पट्टीचा हात, आणि समोर उघडी गाडी. दोन-तीन मिनिटं ते तसेच बसले.

मग म्हणाले, "त्या दिवशी सगळं पांढरं झालं ना. मला वाटलं गेलो."

मी त्यांच्या पट्टीच्या हाताकडे बघितलं.

"भीती नाही वाटली. तुझ्या आईचा विचारसुद्धा आला नाही, खोटं कशाला बोलू. एकच आलं डोक्यात. आपण गेलो तर ही पोरगी जन्मभर म्हणत बसेल, मी सांगितलं म्हणून बाप गेला." त्यांनी काठी दुसऱ्या काखेत घेतली. "म्हणून डोळे उघडे ठेवून बसलो. दिसत काही नव्हतं. पण मिटले तर तू घाबरशील, असं वाटलं."

मला रडायला आलं आणि मी रडले. तोंड फिरवलं नाही, पुसलंही नाही, कारण हाताला गाडीची धूळ होती. पप्पांनी डावा हात माझ्या डोक्यावर ठेवला. जड हात होता. आम्ही दोघं त्या उघड्या गाडीकडे बघत बसलो. भास्करकाका एकदा डोकावले आणि आमच्याकडे बघून परत बाहेर गेले. कुणालाच कुठे जायचं नव्हतं. किती दिवसांनी असं नुसतं बसायला मिळालं होतं.

"झाली का गं दहा मिनिटं?" पप्पांनी विचारलं.

"नाही अजून," मी म्हटलं.

मोबाईलवर सोळावं मिनिट चालू होतं.